स्क्रिप्टला नेमका किती वेळ लागला आणि ती नीट बंद झाली का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे आणि ठाण्याचं वागळे इस्टेट या भागात बॅकएंडच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे पान आहे. ऐरोलीत शनिवारी भरणाऱ्या आमच्या अभ्यासगटात हे प्रश्न दर बॅचला येतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली. भर नोड, पीएचपी आणि पायथनवर आहे, कारण गटातल्या बहुतेकांचं रोजचं काम यांतच चालतं. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

उदाहरणासाठी एकच ॲप धरून चालू. समजा, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या भाजीपाला व्यापाऱ्यांसाठी ते बनवलं आहे. पहाटे गाड्या लागल्या की आवक नोंदवायची, भाव टाकायचे, विक्री झाली की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, काढायची. इथे ॲप अडकलं की गाळ्यावर माणसं खोळंबतात, आणि हिशेब अर्धवट राहिला तर शेतकऱ्याच्या पट्टीत चूक होते. त्यामुळे वेळ आणि शेवट, दोन्ही जिवाभावाचे विषय आहेत.

डेट.नाऊ दोनदा घेऊन वजाबाकी केली तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, आणि धोका तिथेच आहे. नोडचं डेट.नाऊ, पीएचपीचं मायक्रोटाइम आणि पायथनचं टाइम.टाइम ही तिन्ही भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांगतात. आत्ता किती वाजले, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. किती वेळ गेला, या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी ती केलेलीच नाहीत.

सर्व्हरचं घड्याळ सतत दुरुस्त होत असतं. एनटीपीची सेवा बाहेरच्या प्रमाणवेळेशी ताडून पाहते आणि फरक आढळला की तो भरून काढते. एनटीपीडी या जुन्या आणि सर्वपरिचित प्रोग्रॅममध्ये १२८ मिलिसेकंदांपेक्षा कमी फरक असेल तर घड्याळाची गती किंचित बदलून तो हळूहळू मिटवला जातो. त्याहून मोठा फरक काही काळ टिकून राहिला तर घड्याळ थेट उडी मारतं, पुढे किंवा मागे. तुमचं मोजमाप नेमकं त्या उडीच्या दोन्ही बाजूंना पडलं, तर ४० मिलिसेकंदांच्या कामाला उणे ३०० मिलिसेकंद लागल्याचं दिसेल. आकडा उणे आला तर निदान लक्षात तरी येतं. घड्याळ पुढे उडालं तर मात्र तो आकडा खरा वाटतो, आणि मग डेटाबेस मंदावला समजून लोक दिवसभर इंडेक्स शोधत बसतात.

याचं जगजाहीर उदाहरण १ जानेवारी २०१७ चं आहे. त्या वेळी जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवण्यासाठीचा जादा सेकंद, जोडला गेला. भारतीय वेळेनुसार तो क्षण पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंदांचा होता, म्हणजे एरवी वाशीत भाजीपाल्याचा बाजार भरात असतो तेव्हाचा. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा दोन वेळांची वजाबाकी शून्याखाली गेली. वेळ मागे जाणारच नाही असं गृहीत धरून लिहिलेला कोड त्यामुळे कोसळला आणि काही डीएनएस विनंत्या अयशस्वी झाल्या. ते सॉफ्टवेअर गो भाषेत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.९ पासून त्या भाषेने वेळेच्या वजाबाकीसाठी आपोआप वेगळं घड्याळ वापरायला सुरुवात केली.

लीप सेकंदाची प्रथा उशिरात उशिरा २०३५ मध्ये थांबवण्याचा ठराव २०२२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला आहे. एनटीपीची दुरुस्ती मात्र चालूच राहणार, व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्या जाणार आणि कुणीतरी हाताने घड्याळ बदलणार. म्हणून लीप सेकंद गेला तरी हा प्रश्न जात नाही.

मग कुठलं घड्याळ वापरायचं?

फक्त पुढेच जाणारं. त्याला मोनोटोनिक घड्याळ म्हणतात. ते कुठल्या तरी मनमानी क्षणापासून मोजतं. लिनक्सवर साधारणपणे मशीन सुरू झाल्यापासून. तारीख, महिना, भारतीय वेळ यांच्याशी त्याचं काही नातं नाही, आणि कुणी सिस्टीमची वेळ बदलली तरी ते उडी मारत नाही.

नोडमध्ये प्रोसेस.एचआरटाइम.बिगइंट वापरा, ते नॅनोसेकंद देतं. मिलिसेकंद पुरत असतील तर परफॉर्मन्स.नाऊ वापरायला सोपं आहे, त्यात दशांशही मिळतात. कन्सोल.टाइम आणि कन्सोल.टाइमएंड ही जोडीही आतून मोनोटोनिक घड्याळच वापरते, त्यामुळे झटपट तपासणीला ती चालते. पीएचपीमध्ये ७.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, एचआरटाइम आहे. त्याला ट्रू दिलं की ६४ बिटच्या मशीनवर नॅनोसेकंदांचा एकच पूर्णांक मिळतो. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून टाइम.मोनोटोनिक आणि टाइम.पर्फ_काउंटर आहेत. छोटं मोजमाप करायचं असेल तर दुसरं घ्या. जुन्या पुस्तकांत दिसणारं टाइम.क्लॉक पायथन ३.८ मध्ये काढून टाकलं आहे.

मोनोटोनिक घड्याळाचा आकडा डेटाबेसमध्ये साठवला तर चालेल का?

नाही. मशीन रीबूट झालं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि दुसऱ्या सर्व्हरच्या आकड्याशी तर त्याचा कधीच मेळ नव्हता. काम केव्हा सुरू झालं ते यूटीसीत साठवा आणि किती वेळ लागला ते वेगळ्या रकान्यात ठेवा. सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा साठवून नंतर वजाबाकी करायची सवय लावली, तर पहिल्या प्रश्नातला घोळ परत दारात उभा राहतो.

नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे मोजमाप नॅनोसेकंदापर्यंत अचूक असतं का?

मोजपट्टीवर बारीक रेघा आहेत म्हणून मोजणारा हात स्थिर होत नाही. नुसतं घड्याळ विचारायलाच काही वेळ जातो. प्रोसेसरवर दुसरी प्रोसेस आली, मेमरीची साफसफाई सुरू झाली किंवा व्हर्च्युअल मशीनला आपली पाळी उशिरा मिळाली, की तेच काम कधी ३ मिलिसेकंदांत होतं तर कधी ९. म्हणून एका मोजमापावर निर्णय घेऊ नका. तेच काम अनेकदा चालवा, पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या (नोडचं इंजिन कोड तापल्यावर तो नव्याने जलद करून घेतं) आणि मध्यक (मीडियन) पाहा. सरासरी एका वाईट फेरीने हलते, मध्यक हलत नाही.

नोडमध्ये आणखी एक बारकावा आहे. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. एवढे नॅनोसेकंद म्हणजे सुमारे १०४ दिवस. सर्व्हर त्याहून जास्त दिवस चालू असेल आणि तुम्ही घड्याळाचा मूळ आकडा नंबरमध्ये बदलून मग वजाबाकी केली, तर शेवटचे अंक घसरू लागतात. आधी बिगइंटमध्येच वजाबाकी करा, मग फरक नंबरमध्ये बदला. फरक लहान असल्यामुळे काही हरवत नाही. शिवाय बिगइंट आणि नंबर एका बेरजेत आले तर टाइपएरर येतो, आणि जेसन.स्ट्रिंगिफाय बिगइंट घेतच नाही. लॉगची ओळ लिहिण्याआधीच आकडा मिलिसेकंदांत बदलून ठेवला की हे दोन्ही त्रास टळतात.

लॅपटॉप मिटून ठाणे–वाशी लोकलमध्ये बसलो. घरी उघडल्यावर स्क्रिप्टने प्रवासाचा वेळ धरलाच नाही. का?

लिनक्सचं नेहमीचं मोनोटोनिक घड्याळ मशीन झोपलेलं असताना थांबतं. झोपेसकट वेळ हवा असेल तर बूटटाइम नावाचं वेगळं घड्याळ आहे. सर्व्हर सहसा झोपत नाही, त्यामुळे हा फरक डेव्हलपरच्या मशीनवरच दिसतो.

पट्टी काढायला दोन सेकंद लागतात हे डोळ्यांनी दिसतं, पण माझा कोड दोन मिलिसेकंद सांगतो.

अवेट राहिलं आहे का ते आधी पाहा. अवेट नसेल तर तुम्ही काम सुरू करून द्यायला लागलेला वेळ मोजता आहात, काम पूर्ण व्हायला लागलेला नव्हे. डेटाबेसकडे विनंती गेली की फंक्शन लगेच प्रॉमिस देऊन मोकळं होतं आणि तुमची दुसरी घड्याळओळ तिथेच चालते.

उलटही होतं. डेटाबेसचं उत्तर १० मिलिसेकंदांत आलेलं असतं, पण मोजमाप ४०० दाखवतं. नोडमध्ये जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालतं. त्याच वेळी दुसऱ्या कुणासाठी मोठी एक्सेल फाइल तयार होत असेल, तर तुमचं उत्तर दाराशी येऊन थांबून राहतं. अशा वेळी डेटाबेसला दोष देण्याआधी प्रोसेस.सीपीयूयूसेज पाहा. प्रोसेसरने प्रत्यक्ष किती काम केलं ते तो सांगतो. मात्र आकडा अख्ख्या प्रोसेसचा असतो, एका रिक्वेस्टचा नाही. पायथनमध्ये हेच टाइम.प्रोसेस_टाइमने कळतं.

पीएचपीवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम मुळात ३० सेकंद असतो आणि कमांड लाइनवर शून्य, म्हणजे अमर्याद. लिनक्सवर या मर्यादेत स्लीप, डेटाबेसची वाट पाहणं आणि सिस्टीम कॉलचा वेळ धरला जात नाही. त्यामुळे ३० ची मर्यादा असलेली स्क्रिप्ट डेटाबेसच्या दारात पाच मिनिटंही उभी राहू शकते. विंडोजवर मात्र खरा वेळ मोजला जातो. स्वतःच्या विंडोज मशीनवर तुटणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर न तुटता रेंगाळते, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एनजिनएक्सच्या लॉगमधला वेळ आणि आमच्या ॲपमधला वेळ जुळत नाही.

जुळायला नकोच. एनजिनएक्स हा ॲपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर. त्याचा रिक्वेस्ट_टाइम ग्राहकाकडून पहिला बाइट आल्यापासून शेवटचा बाइट पाठवून नोंद लिहीपर्यंतचा असतो. बाजाराच्या शेडमध्ये मोबाइलची रेंज कमी असेल तर तो वाढतो, तुमचा कोड कितीही चपळ असला तरी. अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइमही, म्हणजे तुमच्या ॲपने उत्तर द्यायला घेतलेला वेळही, नोंदवायला लावा. दोन्हींतला फरक बहुतांशी ग्राहकाच्या नेटवर्कचा असतो.

आमचे सरासरी आकडे छान आहेत, तरी व्यापारी म्हणतात ॲप अडकतं. कुणाचं खरं?

व्यापाऱ्याचं. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. वेळ मोजणं आणि प्रोग्रॅम बंद करणं हे दोन विषय एकत्र ठेवण्याचं कारणही हेच.

जवळपास प्रत्येक ठिकाणी वेळेची नोंद काम संपल्यावर लिहिली जाते. सुरुवातीला घड्याळ वाचायचं, शेवटी वाचायचं, फरक लॉगमध्ये. आता विचार करा, जी पट्टी काढायला ४० सेकंद लागणार होते तिचं काय झालं? तिसाव्या सेकंदाला कुठल्या तरी टाइमआउटने ती तोडली. किंवा तेवढ्यात नवी आवृत्ती चढवली गेली आणि जुनी प्रोसेस मारली. किंवा मेमरी संपली आणि लिनक्सने प्रोसेस उडवली. तिन्ही वेळी शेवटच्या ओळीपर्यंत कोड पोचलाच नाही, म्हणून नोंदही झाली नाही. सगळ्यात हळू कामंच सगळ्यात जास्त मारली जातात, आणि मारली गेलेली कामं लॉगमधून गायब होतात. उरतात ती वेळेत संपलेली. त्यांची सरासरी छान येणारच.

म्हणजे प्रोसेस जितक्या वाईट पद्धतीने बंद होते, तितके तुमचे वेळेचे आकडे चांगले दिसतात. हे एकदा ध्यानात आलं की लॉगकडे बघण्याची नजर बदलते.

उपाय सोपा आहे, फक्त शिस्त लागते. प्रत्येक मोठ्या कामाला एक क्रमांक द्या. काम सुरू होताच एक ओळ लिहा, संपल्यावर त्याच क्रमांकाची दुसरी. दुसऱ्या ओळीत वेळ आणि निकाल दोन्ही असू द्या: झालं, फसलं की थांबवलं. रोज सकाळी सुरुवात आहे पण शेवट नाही अशा ओळी मोजा. तो आकडा तुमच्या सरासरीपेक्षा खूप काही सांगतो.

दुसरी ओळ ट्राय-फायनलीच्या फायनलीमध्ये लिहिली की बहुतेक चुका पकडल्या जातात, पण सगळ्या नाहीत. पीएचपीमध्ये एक्झिट बोलावलं की फायनलीचा भाग चालत नाही. तिथे रजिस्टर_शटडाउन_फंक्शन वापरावं लागतं. ते एक्झिटनंतरही चालतं आणि वेळमर्यादा उलटून आलेल्या घातक चुकीनंतरही. नोडमध्ये प्रोसेस.एक्झिट बोलावलं तरी फायनली राहून जातं. एक्झिट या घटनेवर लावलेला कोड चालतो, पण त्यात अवेट करता येत नाही. तिथून नेटवर्कवर काही पाठवायला गेलात तर ते पोचणार नाही. आणि सिगकिल (प्रोसेस तत्काळ मारणारा सिग्नल) आला तर कुठल्याच भाषेत काहीच चालत नाही, तो सिग्नल पकडताच येत नाही. सुरुवातीची ओळ हवी ती याचसाठी.

टीम लीड म्हणतात प्रोसेस.एक्झिट वापरू नकोस. मग स्क्रिप्ट थांबवायची कशी?

तुमच्या लीडचं म्हणणं बरोबर आहे. प्रोसेस.एक्झिट हा हातातलं काम टाकून उठण्याचा हुकूम आहे. अर्धवट राहिलेल्या असिंक्रोनस गोष्टी तिथेच सुटतात. स्क्रीनवर किंवा पाइपमध्ये लिहायला दिलेल्या शेवटच्या ओळीही त्यात जाऊ शकतात, म्हणजे नेमकी ती वेळेची नोंद.

त्याऐवजी प्रोसेस.एक्झिटकोड या गुणधर्मात आकडा ठेवा आणि मुख्य फंक्शनमधून परत या. करण्यासारखं काही उरलं नाही की नोड आपोआप थांबतं आणि तोच कोड बाहेर देतं. थांबत नसेल तर काहीतरी उघडं आहे: डेटाबेसचा कनेक्शन पूल, सेटइंटरव्हल किंवा ऐकत बसलेला सर्व्हर. ते शोधून बंद करा. पाठीमागे चालणारा एखादा टायमर प्रोसेसला धरून ठेवत असेल तर त्यावर अनरेफ लावा. एक्झिटने तोडून टाकणं म्हणजे गळती तशीच ठेवून दिवा घालवणं, आणि हीच गळती पुढे मोठ्या सर्व्हरमध्ये कनेक्शन संपण्याचं कारण होते.

पायथनमध्ये चित्र जरा बरं आहे. सिस.एक्झिट प्रत्यक्षात सिस्टमएक्झिट नावाचं एक्सेप्शन टाकतं, त्यामुळे फायनली आणि विथ नीट चालतात. पण कुणी प्रकार न लिहिता नुसतं एक्सेप्ट लिहिलं असेल, तर तो भाग हे एक्सेप्शनही गिळतो आणि प्रोग्रॅम चालूच राहतो. दुसऱ्या थ्रेडमधून सिस.एक्झिट बोलावलं तर तो थ्रेडच संपतो, प्रोग्रॅम नाही. ओएस._एक्झिट मात्र काहीही न आवरता बाहेर पडतं. तो फोर्क केलेल्या पोरप्रोसेससाठी ठेवलेला आहे, एरवी हात लावू नका.

एक्झिट कोडमध्ये काय पाठवायचं?

यश असेल तर शून्य. अपयश असेल तर शून्य सोडून दुसरं काही, साधारणपणे १. वरची मर्यादा २५५ आहे, कारण लिनक्स त्यातले आठच बिट पुढे देतं. किती ओळी फसल्या तोच आकडा एक्झिट कोड म्हणून द्यायची कल्पना काहींना सुचते. २५६ ओळी फसल्या तर बाहेर शून्य जाईल आणि सगळं सुरळीत झाल्याचा निरोप पोचेल! पीएचपीमध्ये २५५ हा त्याच्या स्वतःच्या घातक चुकांसाठी राखलेला आहे, आपण २५४ पर्यंतच थांबायचं.

सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड शेलमध्ये १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दिसतो. कंट्रोल-सी म्हणजे १३०, सिगटर्म (आवरून थांब असं सांगणारा सिग्नल) १४३, सिगकिल १३७. कंटेनरच्या नोंदीत १३७ दिसला तर आधी मेमरी संपली होती का ते पाहा, नाहीतर दिलेल्या मुदतीत प्रोसेस थांबली नाही म्हणून ती मारली गेली असेल.

बॅशमध्ये पाइप लावला की फक्त शेवटच्या कमांडचा कोड मिळतो. भाव आणणारी स्क्रिप्ट फसली, पण तिचं आउटपुट टी कमांडमधून फाइलमध्ये जात होतं, तर कोड येतो टीचा, म्हणजे शून्य. पाइपफेल हा पर्याय लावला की खरा कोड कळतो. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनचंही भान ठेवा. एक्झिट कोड काहीही असला तरी साधा क्रॉन कुणाला हाक मारत नाही. पहाटे साडेतीनला भाव आणायचं काम फसलं हे कळायला हवं असेल तर क्रॉनच्या ओळीतच पुढची कमांड जोडा, किंवा सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) टायमरवर जा.

सिगटर्म आल्यावर नेमकं काय आणि कुठल्या क्रमाने करायचं?

बाजारात गाळा बंद करताना शटर अर्धं खाली येतं. नवं गिऱ्हाईक आत घेत नाहीत, आत असलेल्यांचं वजन-बिल पुरं करतात, गल्ला मोजतात आणि मग शटर पूर्ण खाली. सर्व्हरचा क्रम हाच आहे.

पहिलं, सर्व्हर.क्लोज. नोड नवी कनेक्शन घेणं थांबवतं. आधीची कनेक्शन मात्र राहतात, आणि कीप-अलाइव्हमुळे ब्राउझरने नुसतं धरून ठेवलेलं रिकामं कनेक्शनही सर्व्हरला बंद होऊ देत नाही. नोड १९ पासून सर्व्हर.क्लोज अशी रिकामी कनेक्शन स्वतः बंद करतं. १८ वर असाल तर क्लोजआयडलकनेक्शन्स वेगळं बोलवा. दुसरं, चालू असलेल्या पट्ट्या पूर्ण होऊ द्या आणि पाठीमागची रांग नवं काम उचलणार नाही असं करा. तिसरं, डेटाबेसचा पूल बंद करा. हे शेवटी, कारण चालू कामांना तोवर त्याची गरज असते. हा क्रम उलटा झालेला मी पुष्कळ कोडमध्ये पाहिला आहे आणि प्रत्येक डेप्लॉयच्या वेळी दोन-चार रिक्वेस्ट फसण्याचं मूळ तिथेच सापडतं. चौथं, लॉगमध्ये राहिलेलं सगळं बाहेर जाऊ द्या आणि एक्झिटकोड ठेवून थांबा.

या सगळ्याला मुदत आहे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची स्टॉप कमांड एरवी १० सेकंद थांबते, अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं कुबेरनेटीस ३० आणि सिस्टमडी ९०. त्यानंतर सिगकिल. म्हणून स्वतःचा एक टायमर त्याहून थोडा आधी लावा, कुबेरनेटीसवर समजा २५ सेकंदांचा. तो वाजला तर कुठली कामं अपुरी राहिली त्यांचे क्रमांक लॉगमध्ये लिहा आणि एक या कोडने बाहेर पडा. इथे प्रोसेस.एक्झिट वापरणं योग्य आहे. कारण आता निवड फक्त स्वतः नोंद करून मरायचं की नोंद न होता मारलं जायचं, एवढीच उरलेली असते. या टायमरलाही अनरेफ लावायला विसरू नका, नाहीतर काम लवकर आवरलं तरी प्रोसेस त्याच्यासाठी २५ सेकंद ताटकळेल.

कुबेरनेटीसमध्ये सिगटर्म जातो त्याच सुमारास पॉडचं (तुमच्या ॲपच्या कंटेनरचं) नाव रिक्वेस्ट कुणाकडे पाठवायच्या त्या यादीतून काढायला सुरुवात होते, त्यामुळे त्यानंतरही थोड्या रिक्वेस्ट येत राहतात. प्रीस्टॉपमध्ये, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत, काही सेकंदांचा स्लीप ठेवला तर त्या मधल्यामधे लटकत नाहीत. तो स्लीपही ३० सेकंदांतच मोजला जातो.

हँडलर लिहिला आहे, पण डॉकरमध्ये सिगटर्म आल्याचं दिसतच नाही.

डॉकरफाइलमधली सीएमडीची ओळ चौकटी कंसात आहे का पाहा. साधी ओळ असेल तर डॉकर ती शेलमार्फत चालवतं. मग कंटेनरची क्रमांक एकची प्रोसेस शेल असते आणि ती सिग्नल पुढे पोचवतेच असं नाही. चौकटी कंसांत लिहिलं, किंवा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या ओळीला एक्झेक लावलं, की नोड थेट पहिल्या क्रमांकावर येतं. एनपीएम स्टार्टने सुरुवात करण्याऐवजी नोडची कमांड थेट द्या, मधली एक प्रोसेस कमी होते. पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला हँडलर नसेल तर सिगटर्म तिच्यावर काहीच परिणाम करत नाही. डॉकरला इनिट हा पर्याय दिला तर हे काम एक छोटी प्रोसेस सांभाळते.

न पकडलेलं एक्सेप्शन आलं तर लॉग करून प्रोसेस चालू ठेवू का?

नको. आतली अवस्था अर्धवट झाली आहे, कुठे ते तुम्हाला माहीत नाही, आणि पुढची पट्टी त्याच अवस्थेवर निघेल. नोंद करा, आवरा, शून्याव्यतिरिक्त कोडने बाहेर पडा आणि सिस्टमडीला किंवा कुबेरनेटीसला नवी प्रोसेस उभी करू द्या. नोडने २०२० च्या १५ व्या आवृत्तीपासून न हाताळलेल्या प्रॉमिस-नकारालाही हाच नियम लावला. तो नियम बंद करून ठेवलेला प्रकल्प हाती आला तर पहिल्या आठवड्यातच तो परत सुरू करा.

आणि वीजच गेली तर?

महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये जनरेटर असतात, गाळ्यातल्या कोपऱ्यातल्या पीसीला फार तर एक यूपीएस. वीज गेल्यावर कुठलाही हँडलर चालत नाही, म्हणून नीट बंद होण्यावर हिशेबाचा भरवसा ठेवू नये. आवक, भाव आणि पट्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा. फाइल लिहायची तर आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, एफसिंक करा (म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवा), मग त्याच डिस्कवर नाव बदला. तेच काम दुसऱ्यांदा चाललं तरी पट्टी एकच निघेल असा अनन्य क्रमांक डेटाबेसमध्ये सक्तीचा करा. इतकं केल्यावर सिगटर्मचा हँडलर गिऱ्हाईकाला कमी थांबावं लागावं म्हणून उरतो, पैसे चुकू नयेत म्हणून नाही.

हे सगळं चालतंय का, ते तपासायचं कसं?

चढवण्याआधी आपल्याच मशीनवर. ॲप सुरू करा, मुद्दाम पाच सेकंद लावणारी एक रिक्वेस्ट पाठवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून किल कमांडने सिगटर्म द्या. पाच सेकंदांची ती रिक्वेस्ट पूर्ण उत्तर घेऊन परतली पाहिजे, त्या काळात पाठवलेली नवी रिक्वेस्ट नाकारली गेली पाहिजे. ॲप थांबल्यावर शेलमध्ये डॉलर-प्रश्नचिन्ह छापून कोड पाहा. शून्य यायला हवा. १४३ आला तर तुमचा हँडलर लागलेलाच नाही. मग तीच चाचणी ४० सेकंदांच्या रिक्वेस्टवर करा. इथे कोड एक यायला हवा आणि लॉगमध्ये त्या कामाचा क्रमांक अपुरा म्हणून दिसायला हवा.

घड्याळाची चाचणी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, कामाच्या सर्व्हरवर नाही. एनटीपीची सेवा थांबवा, एक लांब काम सुरू करा आणि ते चालू असताना डेट कमांडने सिस्टीमची वेळ एक तास मागे न्या. लॉगमध्ये कामाला लागलेला वेळ तेवढाच आला पाहिजे. उणे आकडा आला तर कोडमध्ये डेट.नाऊ शोधा, वजाबाकीच्या ज्या ज्या ओळीत तो सापडेल ती प्रत्येक ओळ बदला, आणि चाचणी पुन्हा चालवा.